मुदत चंपाषष्ठीपर्यंत

माकणी, ता. लोहारा
६ ऑगस्ट २०२३

तीर्थरूप दादास,
धाकट्या बहिणीचा, म्हणजे कडूचा, एका पायावर उभं राहून नमस्कार.

आधी वरचे धोंडे खा, मग वाच. तूप वेगळं वाटीत दिलंय. पत्र डब्याच्या तळाशी ठेवलंय, कारण वरून दिलं की तू घेत नाहीस हे आता सगळ्या लोहाऱ्याला कळलंय. रजिस्टर पाकीट परत आलं. त्यावर पोस्टाचा शिक्का आहे, 'घेण्यास नकार'. पोस्टमन लिंबाजी मला म्हणाला, "बाई, तुमच्या भावानं पाकिटाला हात बी लावला न्हाय. लांबूनच म्हणले, घिऊन जा." फोन लावावा तर माझा नंबर तू बंद करून ठेवलास. बरोबर, तुला ते जमत नाही, तुझ्या हर्षालीकडून, पोरीकडून करून घेतलं असशील. डबा मात्र तू परत पाठवणार नाहीस एवढी तुझी ओळख मला आहे. म्हणून गुंडाप्पाच्या जीपमधून डबा.

धोंड्याच्या महिन्यात माहेरची माणसं लेकीला-जावयाला जेवायला बोलावतात. तू बोलावलं नाहीस. तुमचे दाजी काही बोलले नाहीत, पण परवा दोनदा विचारलं, "लोहाऱ्याचा काय सांगावा?" मी म्हटलं, भाऊ कामात आहे. आता धोंडे मीच केले आणि मीच माहेरी पाठवते आहे. असं कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता पाकिटात काय होतं ते सांगते. २५ मेला तू माझ्यासाठी लोखंडी कपाट घेऊन आलास. पिकअप बोळात उलटी घालत होतास, मी मागं उभी राहून हात करत होते. मी स्पष्ट 'थांब' म्हटलं. गाडी थांबली नाही, पाय चाकाखाली गेला. हे तुला माहीत आहे. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कशानं झालं? तुझ्या तोंडाकडं बघितलं तर रंग उडालेला. गाडी सांगितली असती तर पोलीस आले असते, तुला ठाण्यात नेलं असतं. आणि बहिणीला कपाट द्यायला आलेला भाऊ ठाण्यात? मी म्हटलं, म्हशीनं लाथ मारली. डॉक्टरनं लिहून घेतलं.

तिथंच घोळ झाला. सोलापूरचे डॉक्टर म्हणतात, घोट्यातलं हाड वाकडं जुळलंय, पुन्हा ऑपरेशन लागेल. तोवर मला खाली बसता येत नाही. अंगणवाडी खाली बसूनच असते दादा. पोरं चटईवर आणि मी खुर्चीवर, पोरं मला तहसीलदारीण समजायला लागली आहेत. पर्यवेक्षिकाबाई म्हणाल्या, असं किती दिवस चालवायचं?

गुरुसिद्धप्पा वकिलांना विचारलं. ते म्हणाले, गाडीचा विमा आहे, भरपाई विमा कंपनी देईल, भावाचं काही जाणार नाही. मात्र दाव्यात गाडीमालकाचं नाव 'सामनेवाला क्रमांक एक' म्हणून घालावंच लागतं. आणि म्हशीचं खोटं निस्तरायचं तर तू ठाण्यात येऊन गाडी माझीच होती असा जबाब द्यायचा, गाडीचे कागद द्यायचे. हे सगळं अपघातापासून सहा महिन्यांच्या आत. पाकिटात एवढंच होतं. तुला क्रमांक एक केलंय, यात खरं तर मानच आहे.

डबा रिकामा करून पाठव.

तुझी,
कडूबाई


माकणी
३१ ऑगस्ट २०२३

तीर्थरूप दादास,

डबा पोचला. आत तुरीची डाळ होती. रिकामं भांडं परत करायचं नाही ही रीत तू भांडणातही पाळलीस, मला बरं वाटलं. पत्राला उत्तर नव्हतं. डाळ दोनदा चाळून बघितली.

राखी वर ठेवली आहे, शंकरपाळ्यांच्या पुडीवर.

आता रागाचं. हर्षालीनं काल कॉलेजातून मैत्रिणीच्या फोनवरून मला सांगितलं. तिला रागावलास तर बघ, आत्या म्हणून माझ्यावरही काही जबाबदारी आहे. तू हॉटेलात चारचौघांत बोललास म्हणे, "आधी पाय म्होरं केला, आता सातबारा मागती." अरे दादा! वकिलाचं पाकीट आलं म्हणजे बहिणीला जमिनीची वाटणीच पाहिजे? आपल्याकडं बहिणीच्या नावाचं पाकीट तेवढ्यासाठीच येतं हे मला मान्य. पण मी बारा वर्षांपूर्वी हक्कसोडपत्रावर सही करून दिली, ती तुझ्यासमोर. तू तेव्हा डोळे पुसत होतास आणि तलाठी म्हणत होता, आधी शाई वाळू द्या. तुझी जमीन तुला लखलाभ. तिच्यात दगड किती आहेत ते मला माहीत आहे, लहानपणी मीच वेचलेत.

पाकीट उघडलं असतंस तर दोन ओळीत कळलं असतं. तुझी समजूत अशी की पाकीट घेतलंच नाही तर त्यातलं काही झालंच नाही. शाळेतही तू प्रगतीपुस्तक असंच महिनाभर दप्तरात ठेवायचास.

दुसरी पीडा कोंडाबाईची. डॉक्टरच्या कागदावर म्हैस आहे, आणि आमच्या बोळात म्हैस एकच, तिची. तिनं ती बाजारात नेली. गिऱ्हाइकानं दात बघितले, कास बघितली, आणि म्हणाला, "हीच का ती अंगणवाडीच्या बाईचा पाय मोडल्याली?" गेला निघून. दुसरंही तसंच. कोंडाबाई परवा दारात येऊन उभी. "माझ्या जनावरानं जल्मात कुणाला लाथ मारली न्हाय. तुमा भावा-बहिणीच्या मायेत तिचं नाव का खराब करता वं?" मी तिला चहा दिला. तिनं चहा घेतला आणि पुन्हा तेच बोलली. रोज येते.

मला एका निरपराध म्हशीचा तळतळाट नको आहे. ठाण्यात जाऊन खरं सांग, एवढंच मागणं आहे.

राखी बांधून घे. हर्षालीकडून बांधलीस तरी चालेल, पण माझी म्हणून.

तुझी,
कडूबाई


माकणी
१६ ऑक्टोबर २०२३

तीर्थरूप दादास,

घटस्थापना काल झाली. उपवासाच्या भगरीचे लाडू पाठवते. याआधीच्या डब्यात तू शेंगा भरून पाठवल्यास, त्या आधीच्यात गूळ. या भांडणात माझ्या घरचा किराणा निम्म्यावर आलाय असं तुमचे दाजी म्हणतात. उत्तर मात्र एकदाही नाही.

तरी मी निवांत आहे. का ते सांगते. वकिलांचा कारकून दर आठवड्याला फोन करतो, "बाई, सहा महिने होत आले, कागद कुठं आहेत?" मी एकदा शांतपणे अंगणवाडीतलं कॅलेंडर काढलं आणि मोजलं. पाय मोडला ज्येष्ठ शुद्ध षष्ठीला. तिथून सहा महिने, आणि यंदाचा धोंड्याचा महिना धरायचा नाही. अधिक महिन्यात आपण लग्न धरत नाही, मुंज धरत नाही, मग मुदत कशी धरायची? त्या हिशेबानं सहा महिने पुरे होतात मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला. म्हणजे चंपाषष्ठी! खंडोबाचा दिवस. देवानंच नेमून दिलेली मुदत. १८ डिसेंबरपर्यंत वेळ आहे. कारकुनाला हे समजावण्यात अर्थ नाही, तो इंग्रजी शाळेतला आहे. मी त्याला नुसतं म्हटलं, "माझ्या लक्षात आहे."

म्हणून मी ठरवलंय की घाई करायची नाही. भाऊबीजेला नेहमीसारखी येईन. तू पाटावर बसशील, मी ओवाळीन, तोंड गोड झालं की समोरासमोर बोलू. पाटावरून उठून तू कुठं जाणार आहेस?

आणखी एक. मी 'थांब' म्हटलं ते जरा हळू म्हटलं असेल. गाडीचा आवाज होता. एवढं मी मान्य करते.

तुझी,
कडूबाई


माकणी
१६ नोव्हेंबर २०२३

दादा,

मायना लिहायला वेळ नाही. डब्यात काहीही केलेलं नाही, बाजारचा चिवडा आहे. लगेच वाच.

काल भाऊबीजेला आले होते. वहिनी म्हणाली, ते कारखान्यावर गेलेत. दादा, तुझ्या चपला उंबऱ्याशी होत्या. तू अनवाणी कारखान्यावर जाणारा माणूस नाहीस. मागच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला, तो तुझाच, तंबाखूचा. वहिनी बिचारी माझ्याकडं बघेना. हर्षालीनं पाट मांडला होता, रांगोळी काढली होती. मी ताट घेऊन उभी. ओवाळायला माणूस नाही. शेवटी अंगणात गेले आणि तुझ्या पिकअपला ओवाळलं. बॉनेटवर कुंकू लावलं, नारळ ठेवला. शेजारचे हणमंतप्पा भिंतीवरून विचारत होते, "नवी गाडी घेटली का काय?" मी म्हटलं, जुनीच आहे, ओळखीची आहे. हसून बोलले, पण जीपमध्ये बसल्यावर मला रडू आलं. पन्नाशी झाली माझी, भाऊबीजेला भावानं तोंड लपवायची ही पहिली वेळ.

आणि आज सकाळी वकिलांचा स्वतःचा फोन. म्हणाले, कडूबाई, आठ दिवस राहिले. मी म्हटलं, छे, चंपाषष्ठीपर्यंत आहेत. ते म्हणाले, कसली चंपाषष्ठी? मी सगळा हिशेब सांगितला. धोंड्याचा महिना सांगितला. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाले, "बाई, तीस वर्षं वकिली केली. धोंड्याच्या महिन्याची सूट अजून कुणी मागितली न्हवती." कोर्ट इंग्रजी महिनेच मोजतं. २५ मे ते २४ नोव्हेंबर, शुक्रवार. त्यानंतर दावा नेला तर कंपनीचा वकील पहिल्याच ओळीत म्हणणार, मुदत गेली. आणि त्याआधी ठाण्यातला कागद हवा.

आठ दिवस, दादा. हा सगळा माझ्या शहाणपणाचा प्रताप आहे. शंभर पोरांची वजनं आणि उंच्या मी वहीत अचूक लिहिते आणि स्वतःचे सहा महिने मला मोजता आले नाहीत.

आता जे लिहिते ते तुझ्या रागामुळं नाही लिहीत. मला कालपासून झोप नाही म्हणून लिहिते. मी 'थांब' म्हटलं नव्हतं. हळूही नाही, जोरातही नाही. कोंडाबाई ओट्यावर बसून तिच्या सुनेचं काहीतरी सांगत होती, ते रंगात आलं होतं. मी तोंड तिच्याकडं करून ऐकत होते आणि हात मागं तसाच हलवत होते. तोंडानं म्हणत होते, "येऊ दे, येऊ दे." गाडी आली. ती मीच बोलावली होती. मग लोकांनी विचारलं तेव्हा लाज वाटली, म्हणून 'थांब' म्हटल्याचं सांगितलं. एकदा सांगितलं ते सगळ्या गावाला सांगितलं. त्यामुळं लोक तुला काय म्हणाले तेही मला माहीत आहे. बहिणीचं ओरडणं ऐकू आलं नाही असा बहिरा. तू एकदाही म्हणाला नाहीस की ती खोटं बोलते. नंबर बंद केलास, पाकीट परत केलंस, पण ते म्हणाला नाहीस.

मी ठाण्यात जाणार आहे, बुधवारी २२ तारखेला, अकरा वाजता. खरं सांगणार आहे, 'येऊ दे'सकट. तू आलास तर दावा होईल. नाही आलास तर नाही होणार, आणि मी अंगणवाडीचा राजीनामा देईन. पण तू आला नाहीस म्हणून मी तुला बोल लावणार नाही. तेवढं तुला सांगायचं होतं.

कडू


माकणी
२६ नोव्हेंबर २०२३

तीर्थरूप दादास,

बुधवारी तू मला घरी सोडलंस आणि सगळ्या वाटेत एक शब्द बोलला नाहीस, म्हणून पुन्हा लिहायची वेळ. शिवाय तू येण्याआधी ठाण्यात काय झालं ते तुला माहीत नाही.

मी आणि कोंडाबाई पावणेअकरालाच पोचलो. कोंडाबाईला मी बोलावलं नव्हतं. ती म्हणाली, म्हशीच्या बाजूनं कुणीतरी पाहिजे. हवालदारानं दवाखान्याचा कागद वाचला. "बाई, हितं म्हैस लिवलंय." मी म्हटलं, म्हैस नव्हती, पिकअप होती. तो म्हणाला, सहा महिन्यांनी म्हशीची पिकअप झाली का? कोंडाबाई लगेच पुढं झाली, "आवो सायेब, तवा म्हैस गोठ्यात बांधल्याली हुती. रवंथ करत हुती. म्या शपत घिते." हवालदार म्हणाला, गाडीवाला कुठाय? मी दाराकडं बघितलं. सव्वाअकरा झाले. साडेअकरा झाले. त्यानं वही मिटली.

आणि तू आलास. नवा सदरा घालून, कागदांची पिशवी छातीशी धरून, लग्नाला आल्यासारखा. माझ्याकडं बघितलंही नाहीस.

"गाडी कुणाची?" त्यानं विचारलं.

"माझी."

"कोण चालवत हुतं?"

"मीच."

"जखमी बाई कोण लागती तुमची?"

दादा, तू पिशवी उचलून पुन्हा छातीशी धरलीस. मला वाटलं, आता हा उठून जातो. मग म्हणालास, "भन हाय माझी. एकुलती एक."

हवालदारानं लेखणी खाली ठेवली. "भनीच्या अंगावर गाडी घातली?"

"व्हय," तू म्हणालास. "ती थांब म्हणली. म्या ऐकलं न्हाय."

मी उभी राहिले, मोडक्या पायावर. "सायेब, हे खोटं हाय. म्या येऊ दे म्हणले. आत्ताच लिहून दिलंय."

"तिला काय आठवतंय! ती थांबच म्हणली."

"म्या येऊ दे म्हणले! कोंडाबाईला विचारा!"

"कोंडाबाई सुनंच्या गोष्टी सांगत हुती, तिला काय ऐकू जातंय!"

कोंडाबाई म्हणाली, "अगं बया, माझ्या सुनंचं ह्याला कसं कळलं?"

हवालदार आपल्या दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. म्हणाला, चोवीस वर्षं नोकरी झाली, हितं माणसं आपलं सोडून दुसऱ्याचं नाव सांगायला येतात. तुम्ही दोघं स्वतःचंच नाव सांगून भांडायलाय. एक काय ते ठरवा, मला जेवायला जायचंय.

तेव्हा तू जे म्हणालास ते मी पाठ केलंय. "सायेब, ती काय बी म्हणली असंल. खरं तिचंच लिवा. पर आरसा माझ्याकडं हुता. मागं बघायचं काम गाडीवाल्याचं. म्या बघितलं न्हाय." त्यानं तसंच लिहिलं. तू सही केलीस, जामीन झाला, आणि बाहेर येऊन तू मला उसाचा रस पाजलास. तोही न बोलता.

शुक्रवारी दावा दाखल झाला, दुपारी साडेतीन वाजता, शेवटच्या दिवशी. वकिलांनी आपले दोन्ही जबाब वाचले आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, अर्जदार म्हणते माझीही चूक आहे, सामनेवाला म्हणतो माझी आहे, आता कंपनीच्या वकिलाला काम काय राहिलं? तुझ्या कबुलीचा उपयोग होईल, माझ्या कबुलीनं भरपाई थोडी कमी होईल, असंही म्हणाले. मी म्हटलं, होऊ दे. ऑपरेशनपुरती झाली तरी पुष्कळ.

कोंडाबाईची म्हैस कालच्या बाजारात विकली गेली. तिनं जबाबाची झेरॉक्स बरोबर नेली होती.

तुझी,
कडूबाई


माकणी
७ जानेवारी २०२४

तीर्थरूप दादास,

कोर्टाचं समन्स तू घेतलंस, सही करून घेतलंस आणि हर्षालीकडून मोठ्यानं वाचूनही घेतलंस, हे कळलं. लिंबाजी सगळ्या गावाला सांगतोय की त्याच्या नोकरीतला हा मोठा दिवस.

परवाची धाराशिवची पहिली तारीख मला फार आवडली. माणसं कोर्टाला कंटाळतात म्हणे. आपण सकाळी निघालो, वाटेत तू बाभळीखाली गाडी थांबवून भाकरी सोडलीस, वहिनीचा ठेचा, आणि आईच्या आठवणी निघाल्या. सात महिन्यांत तू जेवढं बोलला नाहीस तेवढं परवा बोललास. कोर्टाच्या दारात मी तुझ्या पिकअपमधून उतरले तेव्हा कंपनीचा वकील बघतच राहिला. त्यानं नंबर प्लेट बघितली, हातातला कागद बघितला, पुन्हा नंबर प्लेट बघितली. "अर्जदार आणि सामनेवाला एकाच गाडीत? आणि याच गाडीत?" तू त्याला म्हणालास, "मग काय, तिचा पाय मोडल्याला हाय, एष्टीनं यिल का ती?" आत गेल्यावर पट्टेवाल्यानं तुला त्या बाजूला बसवलं, मला या बाजूला. तू तिथून खुणेनं विचारत होतास, पाणी पाहिजे का? न्यायाधीश मॅडमनी ते बघितलं.

ऑपरेशन या महिनाअखेरीला सोलापूरला आहे. सध्या सरकारी योजनेत बसवलंय, वरचा खर्च दाव्यात मागायचा, वकील बघतील. पर्यवेक्षिकाबाईंनी रजा लिहून दिली. राजीनामा फाडून चुलीत घातला.

आता एक लपवलेलं सांगते. तुझ्यापासून मागं एकदा लपवलं ते सहा महिने पुरलं, म्हणून हे लवकर सांगते. परवा तू झेरॉक्स काढायला गेलास तेव्हा वकील मला म्हणाले, "तुमच्या भावाचं लेखी म्हणणं आलं. आता त्यांनी तारखांना यायची गरज नाही. लढायचं ते कंपनी लढंल. साक्षीला लागले तर बोलवू." मी विचारलं, हे असं किती दिवस चालंल? ते म्हणाले, दावा लावायला सहा महिन्यांची मुदत असते, निकालाला मुदत नसते. दोन वर्षं लागतील, तीन लागतील, महिन्या-दीड महिन्याला एक तारीख. ते वाईट वाटून सांगत होते. मी मनात मोजलं. इंग्रजी महिन्यांनीच मोजलं.

तू परत आल्यावर विचारलंस, "काय म्हणले वकील?" मी म्हटलं, काही नाही, पुढच्या तारखेला या म्हणाले. दोघांनी.

तर असं आहे. तुला यायची गरज नाही. पुढची तारीख ९ फेब्रुवारी, शुक्रवार. मी कुबडी घेऊन साडेआठला फाट्यावर उभी असते.

तुझी,
कडू